रेघ नसलेली गोळी

"ही गोळी कोणी कापली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्यांच्या तळहातावर विटकरी रंगाची अर्धी गोळी होती. हॉस्पिटलच्या बोळातल्या दिव्याखाली ती चकचकत होती. अर्धेकाका बाकावरून उठले, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना किंचित बरं वाटलं. आत वहिनी बेशुद्ध, पुतण्या भिंतीला टेकून नखं खातोय, आणि यांच्या मनात आलं, बाईंची नजर पारखी दिसते, काप बघून विचारतायत. आजवर ज्याने ज्याने ती सरळ, गुळगुळीत, भुगा न पडलेली कड पाहिली होती, त्याने हाच प्रश्न विचारला होता आणि कौतुकानेच विचारला होता. माणसाचं डोकं कुठल्या वेळी कुठे जाईल, काही सांगता येत नाही.

"मी," अर्धेकाका म्हणाले.

"तुम्ही? का?"

'का' हे मात्र नवीन होतं. "का म्हणजे... अख्खी परवडत नाही म्हणून."

"अहो, ही कापायची गोळी नाही!" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. बोळातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. "हिच्यात दिवसभराचं औषध भरलेलं असतं. या कवचातून ते थोडं थोडं सुटायला हवं, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. तुम्ही कवचच फोडलंत. पुरवून पुरवून उतरायचं ते सगळं एका झटक्यात पोटात गेलं. आणलं तेव्हा यांचं ब्लडप्रेशर मशीनवर येतच नव्हतं, कळतंय का तुम्हाला?"

शब्द सगळे मराठी होते, पण अर्धेकाकांच्या डोक्यात एकही शिरत नव्हता.

अर्धेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मूळचे ते फ्रेमवाले. एका शटरचं अरुंद दुकान. भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या, टेबलावर काच कापायचा हिरा, पुठ्ठा कापायची पाती आणि डिंकाचा डबा. कोपऱ्याला कोपरा असा जुळवायचे की मधून केस जाणार नाही. सर्टिफिकिटं, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सगळ्यांना चौकट घालून झाली, पण स्वतःचं लग्न काही जमलं नाही. थोरला भाऊ लवकर गेला. अर्धी चड्डी घालत होते तेव्हापासून वहिनींनीच त्यांचं केलं. दुकानाच्या माळ्यावर झोपायचे आणि दोन्ही वेळचं जेवण वहिनींकडे, असा सगळा कारभार.

गोळ्यांचं खूळ सुरू झालं तेही वहिनींपायीच. त्यांना ब्लडप्रेशर निघालं. मेडिकलवाल्याने एक शहाणपणाची गोष्ट सांगितली. कमी ताकदीची गोळी आणि दुप्पट ताकदीची गोळी, दोन्हींची किंमत जवळजवळ सारखीच. "मोठी घ्या, मधोमध तोडा, औषध दुप्पट दिवस जाईल." यात काही चूक नव्हती. त्या गोळीवर मधोमध रेघसुद्धा होती. पण वहिनींनी सुरी चालवली की अर्धी गोळी ताटात आणि अर्धी फ्रीजखाली. मग भाऊजींनी फ्रेमच्या उरलेल्या पट्टीत एक खाच कोरली, त्यात गोळी बसवली, नवं पातं स्पिरिटने पुसलं आणि एकच दाब दिला. दोन्ही भाग असे पडले की कुठला डावा आणि कुठला उजवा, सांगता येऊ नये.

वहिनींनी शेजारणीला दाखवलं, शेजारणीने तिच्या नणंदेला, आणि बघता बघता दुकान उघडायच्या आधी बाहेरच्या बाकावर माणसं येऊन बसायला लागली. हातात फ्रेम करायचा फोटो नाही, गोळ्यांची पट्टी! शुगरवाले, थायरॉइडवाले, हृदयवाले. ड्रॉइंगचे रिटायर्ड मास्तर तर चार भाग करून मागायचे आणि वर चष्म्यातून तपासायचे. दोन जावा एकीच्याच पट्टीवर दोघींचं भागवायच्या आणि माझा तुकडा लहान म्हणून बाकावरच जुंपायच्या. काका पैसा घेत नव्हते. "पातं झिजतंय ते झिजतंय," म्हणायचे, "तुमची गोळी तरी झिजायला नको."

सगळ्यांत मजा रिटायर्ड कंडक्टरची. आयुष्यभर बसमध्ये 'पुढे सरका, पुढे सरका' केलेला माणूस. बाकावरसुद्धा लोकांना सरकवत यायचा आणि दारातून ओरडायचा, "अर्धेकाका, दोन हाफ द्या!" नाव त्यानेच पाडलं. गल्लीला ते इतकं आवडलं की दुकानावरची पाटी वाचायचंच लोक विसरले.

आता जरा विचार करा. एक माणूस फोटोला चौकटी घालतो आणि तोच रोज सकाळी अख्ख्या गल्लीच्या औषधावर पातं चालवतो, आणि हे कुणाला, अगदी कुणालाही, वावगं वाटलं नाही! डॉक्टरला वाटलं नाही, कारण डॉक्टरला कुणी सांगितलंच नाही. मेडिकलवाल्याला वाटलं नाही, कारण त्याच्याकडचं गिऱ्हाईक टिकत होतं. आणि मधल्या काळात एक गोष्ट इतकी हळूच झाली की ती झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पहिल्यांदा लोक मोठी गोळी आणून अर्धी करायचे, म्हणजे डॉक्टरने सांगितलेलं तेवढं पोटात जायचं. मग औषधांचे भाव असे काही भडकले की बिल बघून डोळे पांढरे व्हावेत. तेव्हा लोक डॉक्टरने लिहिलेली गोळीच आणून अर्धी करू लागले. बाक तोच, काका तेच, पातं तेच, फक्त औषध निम्म्यावर आलं. काकांनी कधी विचारलं नाही. गोळी खाचेत बसवायची आणि मधोमध कापायची, एवढंच त्यांना माहीत.

आणि एक हौस होती. रेघ असलेली गोळी कुणीही कापेल. रेघ नसलेली गोळी आली की काकांच्या हाताला खरा हुरूप यायचा.

वहिनींची ही विटकरी गोळी अशीच आली. जुनं औषध लागू पडेना, म्हणून डॉक्टरांनी नवीन लिहून दिलं. अख्खी पट्टी घ्यायची ऐपत नव्हती. मेडिकलवाल्याने कात्रीने तुकडा कापून दिला. नाव आणि बारीक अक्षरातली सूचना राहिली त्याच्याकडच्या तुकड्यावर, वहिनींच्या हातात आल्या नुसत्या गोळ्या. "भाऊजी, नेहमीसारख्या करून ठेवा," एवढं सांगून त्या भाजी आणायला गेल्या. गोळी कडक होती. पातं दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा काकांनी टाच वर उचलून अंगाचा भार दिला, तेव्हा कुठे कट्कन आवाज झाला. आत दोन रंगांचे थर दिसले. काकांनी ती उजेडात धरून पाहिली आणि स्वतःवरच खूश झाले.

आज सकाळी वहिनींनी त्यातली पहिली अर्धी घेतली. काम उरकून बाथरूममध्ये गेल्या, आणि बादली पडल्याचा आवाज आला. बादलीच पडली असेल असं पुतण्याला वाटलं, म्हणून तो लगेच उठलासुद्धा नाही. दार उघडलं तेव्हा आई फरशीवर, ओठ पांढरेफटक, आणि हाका मारल्या तरी ओ नाही.

"यातून उठतील ना?" काकांनी आता विचारलं.

"प्रयत्न चाललाय. संध्याकाळपर्यंत कळेल." डॉक्टरीणबाई आत जायला वळल्या आणि थांबल्या. "तुम्ही इतक्या सफाईने कापलीय ही. आणखी कुणाची नाही ना कापलीत?"

आणखी कुणाची नाही! अख्खी गल्ली डोळ्यांसमोरून गेली, मास्तर, त्या दोन जावा, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली.

"कापल्यात," ते म्हणाले. "सगळ्यांच्याच."

डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं होतं, पण त्या घाबरल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मधोमध रेघ असेल ती बहुतेक चालते, तरी विचारून. पण अशी, चकचकीत, कवचाची, रेघ नसलेली असेल, तर आधी जाऊन थांबवा. आत्ता. इथे बसून तुमचा काही उपयोग नाही."

काका वळले आणि तिथेच थबकले. विटकरी. चकचकीत. रेघ नसलेली. ही गोळी त्यांनी आधीही कापली होती. वहिनींच्या आधी, बरेच दिवस, रोजच्या इतक्या गोळ्यांत ध्यानात राहिली नव्हती एवढंच. कंडक्टरची!

कंडक्टर गेल्या महिन्यात गेले होते. सकाळी खुर्चीत पेपर वाचता वाचता मान टाकली. त्याआधी काही दिवस ते भिंत धरून चालायचे. "वय झालं," गल्ली म्हणाली. काकाही तेच म्हणाले होते. आणि त्याच हातांनी त्यांनी कंडक्टरचा फोटो फ्रेम करायला घेतला होता. बायकोने आणून दिलेला, गणवेशातला, खांद्याला चामड्याची बॅग. फ्रेम तयार होऊन दुकानात पडली होती. काका तसेच दुकानाकडे निघाले.

दुकान उघडलं तर बाकावर इस्त्रीवाली बसलेली. हातात पट्टी.

"आजपासून बंद," काका म्हणाले.

"असं कसं बंद? उद्याला माझ्याकडे एकपण तुकडा नाही."

काकांनी तिच्या हातातली पट्टी ओढून घेतली. पिवळी गोळी, मधोमध रेघ. तरी हात लावायचं धाडस होईना. त्यांनी कसंबसं सांगितलं, वहिनींचं काय झालं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. इस्त्रीवालीने तोंडावर हात ठेवला, हळहळली, आणि मग पट्टी परत पुढे केली. "पण माझीला रेघ आहे ना? मग तुम्ही कापा की."

"मला नाही कापायची! डॉक्टरांना विचारा, अख्खी घ्या, काय वाटेल ते करा!"

"ओरडू नका काका," ती शांतपणे म्हणाली. "अख्खी घेता आली असती तर तुमच्या दारात कशाला बसले असते? मी घरी विळीवर कापीन." आणि खरंच उठून चालायला लागली. एवढं सगळं ऐकून, कळून सवरून, ती गोळी विळीवर कापायला घरी निघाली! काका तिच्या पाठीकडे बघत उभे राहिले. नुसत्या शब्दांनी गोळी अख्खी होणार नव्हती.

त्यांनी कंडक्टरची फ्रेम काखेत मारली आणि निघाले. फ्रेम द्यायची हे निमित्त. खरं म्हणजे त्यांना बघायचं होतं की त्या घरात अजून तुकडे शिल्लक आहेत का, ते तेच आहेत का. तेच निघाले तर पुढे काय, याचा विचार करण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कंडक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि फोटो बघून डोळ्यांना पदर लावला. "या, बसा. किती छान केलंत हो." फोटो त्यांनी टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. "तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्यामुळे हे शेवटपर्यंत औषधावर राहिले. नाहीतर कधीच सोडून दिलं असतं त्यांनी."

काकांना ते ऐकवेना. कुणी कानफटात मारली असती तर सोपं गेलं असतं.

"त्यांच्या गोळ्या," त्यांनी विचारलं, "उरल्यात का काही?"

"आहेत की." बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टीलची छोटी डबी घेऊन आल्या. झाकण उघडलं. आत विटकरी अर्धे तुकडे, काकांच्याच हातचे, कड न् कड सरळ. तीच गोळी.

"टाकायच्या नाहीत ना म्हटलं, एवढं महागाचं औषध. मला पण हेच लिहून दिलेलं आहे, वर्ष झालं. पण घरात एकाचंच यायचं, मग मी म्हटलं यांचं येऊ दे. आता हे नाहीत तर मीच घेते. सकाळी जरा गरगरतं, भिंत धरून बसते थोडा वेळ. दुपारनंतर बरं वाटतं."

अर्धेकाका ताडकन उठले. त्यांनी बाईंच्या हातातून डबी जवळजवळ हिसकावली. "घेऊ नका! आजपासून एकही तुकडा घेऊ नका! ही गोळी कापायची नसते. कापली की विष होतं तिचं. माझ्या वहिनी हॉस्पिटलमध्ये पडल्यात आज, माझ्या हातचा तुकडा खाऊन. आणि कंडक्टर... कंडक्टर वयाने नाही गेले, बाई. बहुतेक माझ्यामुळे गेले."

सांगून झालं. आता बाई किंचाळतील, शिव्या देतील, घराबाहेर काढतील, काय करायचं ते करू देत, अशी त्यांनी मान खाली घातली.

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या.

"तुमच्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कापायची नसते ते. पहिल्यांदा आणली तेव्हा मेडिकलवाला म्हणाला होता, ही तोडू नका. पट्टीवर पण बारीक अक्षरात होतं. भिंग घेऊन वाचून दाखवलं त्यांनी मला. मी म्हटलं, मग कशाला कापता? तर म्हणाले, अख्खी घेतली तर अर्ध्या महिन्यात संपते, मग उरलेला अर्धा महिना काय करायचं? अर्धी तरी रोज पोटात जाऊ दे." बाईंनी फोटोकडे बघितलं. "मला बजावून ठेवलं होतं, अर्धेकाकांना बोलू नकोस. त्यांना कळलं तर ते कापायचे नाहीत."

काकांचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. बाकावर लोकांना सरकवत येणारा, दारातून 'दोन हाफ द्या' म्हणून ओरडणारा, सगळ्यांना हसवणारा तो माणूस सगळं वाचून, सगळं कळून, रोज सकाळी हसत हसत तो तुकडा तोंडात टाकत होता! आणि आपण त्याला कड किती सरळ आली ते दाखवत होतो. आपल्या हातून चूक झाली हे दुःख काकांनी वाटेत कसंबसं गिळलं होतं. पण जे चूक नव्हतंच, जे ठरवून, हिशेब करून, नाइलाजाने केलं होतं, त्याचं काय करायचं? रागवायचं तरी कुणावर? त्यांना वाटलं, जोरात ओरडावं, काहीतरी फोडावं. ते नुसतेच उभे राहिले, डबी मुठीत धरून.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुतण्या रडत होता की हसत होता, कळेना. "काका, आईने डोळे उघडले. मला ओळखलं. बोलली पण. डॉक्टर म्हणाल्या, धोका टळला. आई म्हणतेय, भाऊजींना कुणी काही बोलू नका."

काका मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही भान राहिलं नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"वहिनी शुद्धीवर आल्या."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. धोका टळला."

"बरं झालं, बाई," कंडक्टरीणबाई मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "मग द्या ती डबी."

काकांना आधी कळलंच नाही. "अहो, मी आत्ता काय सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलं मी. डॉक्टर म्हणाले होते, एक दिवससुद्धा चुकवायची नाही. तुम्ही म्हणता, घ्यायचीच नाही. दोघंही बरोबर असाल. पण सकाळी उठल्यावर मी काय घेऊ, ते कोण सांगणार?"

"बघतो मी. काहीतरी करतो. कुणाला तरी विचारतो."

"कराल तेव्हा अख्खी घेईन. तोपर्यंत ही राहू द्या."

बाईंनी डबी धरली. काकांनी सोडली नाही. बाईंनी ओढली, तरी काकांनी सोडली नाही. उतारवयातली दोन माणसं, एकमेकांचं भलं चिंतणारी, दारातल्या खुर्चीपाशी एका डबीसाठी झटापट करत होती. बाई रडत नव्हत्या, रागावल्याही नव्हत्या. "सोडा ना हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.